जुन्या गाडीचं पॉवर स्टीअरिंग: आधी हवा, मग पट्टा, मग तेल आणि पंप सगळ्यात शेवटी

गोव्यातल्या रायबंदरच्या धक्क्यावरून गाडी फेरीबोटीत चढली की बोटीवरचा माणूस हाताच्या खुणांनी तिला पुढे-मागे करायला लावतो आणि शेवटी कठड्याला अगदी खेटून उभी करतो. इंजिन जेमतेम पेटतं, गाडी तसूतसूने सरकतेय आणि स्टीअरिंग मात्र पार टोकापर्यंत वळवलेलं. जुन्या पॉवर स्टीअरिंगची याहून कडक परीक्षा नाही. आमच्या वीस वर्षं उलटलेल्या डिझेल गाडीने पहिली तक्रार तिथेच केली. चोडणला सासुरवाडीला निघालो होतो. स्टीअरिंग डावीकडे वळवलं आणि बॉनेटखालून रागावलेल्या बोक्यासारखी गुरगुर सुरू झाली. स्टीअरिंग सरळ केलं की आवाज बंद.

पंप गेला, असा निकाल मीच देऊन टाकला. भंगारवाल्याकडून जुना पंप आणला, एक रविवार घालवून बसवला. गुरगुर जशीच्या तशी. खरा चोर होता टाकीतून पंपाकडे जाणारा वीतभर रबरी पाईप. उन्हाने आणि इंजिनच्या उष्णतेने तो कडक झाला होता, क्लिपेखाली बारीक चिरला होता. त्यातून तेलाचा एक थेंबही बाहेर येत नव्हता, कारण त्या बाजूला पंप ओढत असतो, ढकलत नसतो. चिरेतून हवा आत जात होती. पाईप आणि दोन क्लिपा बदलल्या आणि बोका गप्प झाला. त्या फुकट गेलेल्या रविवारनंतर मी जो क्रम पाळतो तोच इथे देतोय: फुकटचं आधी, स्वस्तातलं मग, आणि खिसा रिकामा करणारं सर्वांत शेवटी.

तुमच्या गाडीत नक्की काय आहे?

बॉनेट उघडा. छोटी प्लास्टिकची किंवा पत्र्याची टाकी, तिच्या झाकणावर स्टीअरिंगचं चित्र आणि पट्ट्यावर फिरणारा पंप दिसला तर तुमचं स्टीअरिंग हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारं. या लेखातलं बहुतेक सगळं त्यासाठीच आहे.

टाकीच नसेल आणि चावी फिरवल्यावर मीटरमध्ये स्टीअरिंगचा किंवा ‘ईपीएस’चा दिवा लागून विझत असेल, तर ते विजेच्या मोटरवर चालतं. १९८८ साली सुझुकीच्या सर्व्हो या छोट्या गाडीत ते आलं आणि आज बहुतेक नव्या मोटारींत तेच असतं. त्यात घरी तपासण्यासारखं थोडंच. बॅटरीचा व्होल्टेज पाहा: इंजिन बंद असताना १२.५ च्या आसपास, चालू असताना साधारण १४. टर्मिनलवर हिरवी-पांढरी बुरशी धरली असेल तर गरम पाण्याने धुऊन, घासून घट्ट आवळा. फ्यूज बघा. बॉडीला जाणारी अर्थची वायर जिथे बोल्टने बसवली आहे ती जागा गंजली नाही ना, ते बघा. खाऱ्या हवेत हा बोल्ट नेमका आधी खराब होतो. एवढं करूनही दिवा पेटलेलाच राहिला तर स्कॅनर लावल्याशिवाय पुढे जाऊ नका. अंदाजाने मोटर बदलणं म्हणजे अंधारात दगड मारणं.

हायड्रॉलिकची रचना मात्र १९५१ साली क्रायस्लरच्या इम्पीरियल गाडीतून ती बाजारात आली तेव्हापासून मुळात तीच आहे. इंजिनचा पट्टा पंप फिरवतो. पंप टाकीतलं तेल ओढतो आणि दाबाने रॅककडे, म्हणजे चाकं वळवणाऱ्या दातेरी दांड्याकडे, किंवा जीपसारख्या गाड्यांत स्टीअरिंग बॉक्सकडे, पाठवतो. तिथे एक बारीक सळई असते. तुम्ही स्टीअरिंगला जोर लावला की ती किंचित पिळते, त्या पिळाने व्हॉल्व्ह उघडतो आणि तेल पिस्टनच्या हव्या त्या बाजूला जाऊन चाकं ढकलतं. गाडी सरळ चालताना दाब नावापुरता असतो. स्टीअरिंग टोकाला दाबून धरलं की बऱ्याच गाड्यांत तो ७० ते १०० बारपर्यंत चढतो. तुमच्या टायरमधली हवा २ बारच्या आसपास असते, त्यावरून काय ते समजा. म्हणूनच टोकाला पाच सेकंदांहून जास्त धरून ठेवायचं नाही. तेल तापतं आणि पंप स्वतःलाच खातो.

पंप पूर्ण बंद पडला तरी स्टीअरिंग हातातून सुटत नाही, कारण दांडा चाकांना थेट जोडलेलाच असतो. फक्त ते दगडासारखं जड होतं. चोर्ला घाटातून उतरताना डिझेल वाचवायला इंजिन बंद करणारे महाभाग अजून भेटतात. इंजिनबरोबर स्टीअरिंगची मदत जाते, ब्रेकचा व्हॅक्यूमही दोन-चार दाबांत संपतो आणि चावी पूर्ण मागे फिरली तर स्टीअरिंग लॉक होतं. वाचलेल्या डिझेलचा हिशेब मग दरीत बसून करावा लागेल.

पाना हातात घेण्याआधी आठ दिवस ऐका

गॅरेजमध्ये नुसतं ‘स्टीअरिंग जड झालंय’ म्हटलं तर मेस्त तरी काय करणार? कधी जड, कुठल्या बाजूला जड, आवाज कसा, थंड असताना की तापल्यावर, हे सांगितलंत तर अर्धं निदान तिथेच होतं. मी डॅशबोर्डात एक वही ठेवतो.

किंचाळी, म्हणजे ‘कुंईं’ असा उंच आवाज, आणि तोही झटकन वळवताना किंवा टोकाला पोचल्यावर: पट्टा घसरतोय. पावसाळ्यात डबक्यातून गाडी गेल्यावर मिनिटभर किंचाळून थांबला तर ओला पट्टा समजून सोडून द्या. रोज सकाळी तेच होत असेल तर सोडू नका.

गुरगुर किंवा घरघर, वळवताना वाढणारी: तेल कमी झालंय, तेलात हवा आहे किंवा टाकीतली जाळी तुंबलीय. पंप झिजला तरी आवाज असाच येतो, पण त्याची पाळी यांच्यानंतर.

उभ्या गाडीत जड, पण इंजिन जरा रेझ केलं की हलकं: पंप कमजोर आहे किंवा इंजिनचं स्लो, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन फिरतं तो वेग, फार कमी ठेवलंय. आधी स्लो तपासून घ्या.

सकाळी पहिली दहा मिनिटं जड, नंतर ठीक: रॅकच्या व्हॉल्व्हवरच्या सील रिंगा झिजल्यात. रोग हळूहळू वाढतो, पण त्यावर वर्षभर गाडी ओढणारे लोक मला माहीत आहेत.

एका फेऱ्यात दोनदा अडकतं, मग मोकळं होतं, पुन्हा अडकतं: हे ओळखायला शिका, कारण यात पंपाचा काडीचा संबंध नाही. स्टीअरिंगच्या दांड्याच्या खालचा क्रॉस जॉइंट गंजून घट्ट झालेला असतो. पुढच्या चाकाने उडवलेलं पाणी तिथे सरळ बसतं. मोरजी, केरी अशा किनाऱ्यालगतच्या गावांत उघड्यावर राहणाऱ्या गाड्यांत हा दोष हमखास. गंज सोडवणारं तेल मारून तो काही दिवस मोकळा होतो, पण जॉइंट बदलणं हाच उपाय.

गाडी रस्त्यावर भरकटते, स्टीअरिंगमध्ये ‘खेळ’ आहे, खड्ड्यात ‘टक्’ होतं: टाय रॉडचं (रॅक किंवा बॉक्स चाकांना जोडणाऱ्या सळईचं) टोक, बॉल जॉइंट किंवा बॉक्सची झीज. तेल ओतून हे बरं होणार नाही.

हवा आणि पट्टा

आता फुकटची कामं. गाडी रात्रभर उभी असताना, टायर थंड असताना, पुढच्या दोन्ही टायरांतली हवा मोजा. आकडा दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर असतो. कमी हवेने स्टीअरिंग किती जड होतं हे अनुभवल्याशिवाय पटत नाही. दोन टायरांत फरक असेल तर गाडी एका बाजूला ओढते आणि माणूस रॅकवर आळ घेतो. एक गंमत सांगतो: चवथीच्या आदल्या दिवशी मागची सीट पाडून नारळ, केळ्यांचे घड आणि माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळांचं, सामान भरलं की स्टीअरिंग अचानक हलकं वाटतं. ते बरं झालेलं नसतं. मागच्या ओझ्याने पुढच्या चाकांवरचा भार कमी झालेला असतो. तपासणी रिकाम्या गाडीतच करा.

पट्टा इंजिन बंद करूनच बघायचा. दोन पुल्यांच्या मधोमध अंगठ्याने जोरात दाबा. वेगळा पट्टा असलेल्या जुन्या गाड्यांत तो साधारण १० मिलिमीटर खाली जावा. फार सैल असेल तर पंपाचा सरकणारा बोल्ट ढिला करून ताण द्या. मात्र लोखंडी पहार पंपाच्या अंगावर टेकवून रेटू नका. पट्टा उलटा करून आतली बाजू बघा. आरशासारखी चकाकत असेल किंवा आडव्या भेगा असतील तर ताण देऊन उपयोग नाही, नवा घाला. पट्ट्यावर तेल पडलं असेल तर आधी ते कुठून आलं ते शोधा, नाहीतर नवा पट्टाही महिन्याभरात तसाच होईल. काही गाड्यांत हाच पट्टा पाण्याचा पंपही फिरवतो. तिथे तुटका पट्टा घेऊन ‘जड का होईना, घरी जाऊ’ म्हणणं इंजिनला महाग पडतं.

टाकीचं झाकण उघडल्यावर

पातळी ‘थंड’ आणि ‘गरम’ अशा दोन खुणांनी दाखवलेली असते. योग्य त्या खुणेशी ताडून बघा. मग थोडं तेल पांढऱ्या कागदी रुमालावर टाका. चांगलं तेल बहुतेक गाड्यांत लालसर आणि पारदर्शक दिसतं. तपकिरी-काळं आणि जळका वास म्हणजे म्हातारं झालंय. फेस किंवा दुधासारखा रंग म्हणजे हवा किंवा पाणी मिसळलंय. उन्हात धरल्यावर चमचम करणारे कण दिसले तर पंप आतून झिजतोय, आणि ही चमचम पुढे रॅकपर्यंत पोचते.

तेल कुठलं घालायचं ते झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. जुन्या गाड्यांत बहुधा डेक्सरॉन प्रकारचं एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, असतं, काही युरोपियन गाड्यांना वेगळंच हिरवं तेल लागतं. रंग जुळला म्हणून तेल जुळलं असं नाही. ब्रेक ऑइल मात्र चुकूनही घालू नका. दोन्ही टाक्या जवळजवळ असतात, घाईत हात चुकतो. ब्रेक ऑइल ग्लायकोलचं असतं आणि ते पॉवर स्टीअरिंगची रबरी सीलं फुगवून मऊ करून टाकतं. चुकून पडलंच तर इंजिन चालू न करता सगळं उपसून काढा.

बऱ्याच जुन्या टाक्यांच्या तळाशी बारीक जाळी असते. ती गाळाने भरली की पंपाला तेल मिळत नाही आणि तो उपाशीपोटी ओरडतो. जाळी सुटी होत असेल तर पेट्रोलने धुऊन पूर्ण वाळवा. टाकीतच चिकटवलेली असेल तर टाकीच बदलावी लागते. नव्या पंपाच्या मानाने ते फारच स्वस्त पडतं.

गळती

पावसाळ्यात सगळं इंजिनच ओलं आणि तांबड्या चिखलाने माखलेलं असतं, त्यात गळती काय दिसणार? आधी धुऊन वाळवा. मग रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा घाला आणि चाकांच्या जागा पेनाने त्यावर आखून ठेवा. सकाळी डाग कुठे पडलाय त्यावरून शोध सुरू होतो.

जास्त दाबाचा पाईप जिथे पत्र्याच्या टोपीने रबराला दाबून बसवलेला असतो ती जागा पहिली. मग पंपाच्या पुलीमागचं सील. मग स्टीअरिंग बॉक्स असेल तर खालच्या ड्रॉप आर्मजवळचं सील. रॅक असेल तर दोन्ही टोकांचे घडीचे रबरी बूट हाताने दाबून बघा. आत तेल खळखळलं तर रॅकची टोकाची सीलं गेलीत. बूट नुसते फाटले असतील आणि आत तेल नसेल तर तुम्ही नशीबवान, पण आजच बदला. एका पावसाळ्याचं पाणी आणि चिऱ्याची तांबडी माती आत गेली की रॅकचा गुळगुळीत दांडा गंजतो आणि तोच खडबडीत दांडा सील कापतो. एवढ्याशा रबराची हयगय अशी पूर्ण रॅकवर येते.

इंजिन चालू असताना पाईपवरून हात फिरवून गळती शोधायची नाही. सुईच्या भोकातून एवढ्या दाबाने उडालेलं तेल कातडीतून आत घुसतं. जखम टाचणीएवढी दिसते आणि आतलं बोट सडतं. पुठ्ठ्याचा तुकडा पाईपजवळ धरा, फवारा त्यावर उमटेल. एटीएफ तापलेल्या सायलेन्सरच्या पाईपवर पडलं तर पेटूही शकतं.

गळती थांबवणारी बाटलीतली औषधं मिळतात. ती सील फुगवतात, दोन-तीन महिने काढून देतात. गाडी विकायला काढणाऱ्यांना ती फार आवडतात.

चाकं उचलून निर्णय

खरा निवाडा इथे होतो. मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा, हँडब्रेक ओढा, पुढची बाजू जॅकने उचला आणि स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली वाकू नका. अंगणातली जमीन पावसात मऊ असते, म्हणून जॅकखाली जाड फळी हवीच. माझा भाचा एकदा म्हणाला, “मामा, फळी कशाला, कातळच आहे.” वर दोन इंच कातळ होता, खाली चिखल. जॅक तिरका झाला तेव्हा सुदैवाने कोणी गाडीखाली नव्हतं.

इंजिन बंद ठेवून स्टीअरिंग टोकापासून टोकापर्यंत फिरवा. आता चाकांवर वजन नाही, तरीही ते जागोजागी अडत असेल तर दोष यांत्रिक आहे: क्रॉस जॉइंट, बॉल जॉइंट किंवा रॅक. टाय रॉड सोडवून पुन्हा फिरवलं की चाकांकडचा दोष कुठला आणि रॅककडचा कुठला, तेही कळतं. मोकळेपणाने फिरलं तर संशय पंप, पट्टा आणि तेलावर.

मग इंजिन चालू करा, स्टीअरिंगला हात लावू नका. ते आपोआप एका बाजूला फिरायला लागलं तर व्हॉल्व्ह बिघडलाय. अशी गाडी रस्त्यावर न्यायची नाही, टो करून गॅरेजला द्या.

तेल बदलणं आणि हवा काढणं

माझ्या मते जुन्या गाडीच्या निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. पूर्ण सिस्टीममध्ये साधारण एक लिटर तेल मावतं. धुण्यासाठी धरून दोन-तीन लिटर आणा.

चाकं उचललेलीच असू द्या. मोठ्या सिरिंजने टाकीतलं तेल उपसा. टाकीला परत येणारा पाईप, म्हणजे दोघांतला कमी दाबाचा आणि साध्या क्लिपेचा, काढून एका बाटलीत सोडा. टाकीचं उघडं तोंड रबरी बुचाने बंद करा. टाकी नव्या तेलाने भरा. एकाने इंजिन बंद ठेवूनच स्टीअरिंग सावकाश टोकापासून टोकापर्यंत फिरवायचं, दुसऱ्याने टाकीत तेल ओतत राहायचं. टाकी रिकामी होऊ दिली तर हवा आत जाते आणि सगळं पहिल्यापासून. बाटलीत लाल, स्वच्छ तेल यायला लागलं की पाईप परत जोडा, क्लिप नवी लावा.

हवा काढायला इंजिन बंदच ठेवून पंधरा-वीस वेळा सावकाश टोकापासून टोकापर्यंत फिरवा. टाकीत बुडबुडे येतील, पातळी उतरेल, भरत राहा. बुडबुडे थांबल्यावरच इंजिन चालू करा आणि पुन्हा सावकाश फिरवा, टोकाला न थांबता. तेल दुधासारखं झालं तर इंजिन बंद करून तासभर चहा प्या. फेस बसला की पुन्हा. घाई करणाऱ्याचा पंप याच पायरीवर मरतो. दोनदा करूनही फेस येतच राहिला तर माझ्यासारखं करू नका. ओढणारा पाईप आणि त्याच्या क्लिपा आधी बदला.

काढलेलं तेल गॅरेजवाल्याकडे जुन्या ऑइलच्या ड्रममध्ये द्या. कुळागराच्या पाटात गेलं तर तुमच्या सुपारीच्या मुळांपर्यंत पोचायला त्याला वेळ लागत नाही.

पंप की रॅक?

एवढं करूनही जडपणा राहिला तर दाब मोजून घ्या. त्यासाठी व्हॉल्व्ह असलेला गेज लागतो; चांगल्या गॅरेजमध्ये असतो, तिथेच करा. गेज पंपाच्या दाबाच्या पाईपमध्ये जोडतात. व्हॉल्व्ह पाच सेकंदांपेक्षा कमी वेळ बंद करायचा: दाब पुस्तकातल्या आकड्यापर्यंत चढला तर पंप ठणठणीत आहे. मग व्हॉल्व्ह उघडा ठेवून स्टीअरिंग टोकाला न्यायचं. आता दाब कमी भरला तर तेल रॅकच्या किंवा बॉक्सच्या आतल्या आत निसटतंय. दोन्ही वेळा कमी भरला तर पंप. गेज न लावता ‘रॅकच बदलायला लागणार’ असं छातीठोक सांगणाऱ्याला मी नम्रपणे नमस्कार करून गाडी बाहेर काढतो.

पंपाची पुली काढायला पुलर वापरा. हातोड्याचा एक घाव आतल्या शाफ्टला पुरतो. दाबाच्या पाईपच्या जोडावर तांब्याचे वॉशर असतील तर ते नवेच घाला. नवा पंप बसवण्याआधी जुनं तेल पूर्ण काढा आणि पंपात तेल भरून पुली हाताने दहा-बारा वेळा फिरवा. भंगारातला माझा तो पंप मी जुन्याच घाण तेलावर चालवला होता. वर्षभरही टिकला नाही.

रॅक खोलणं घरचं काम नाही. सील किटचं काम करणारे कारागीर निराळे असतात. मी माझा रॅक बेळगावहून करून आणला. देताना एकच अट घालावी: दांड्यावर गंजाचे खड्डे असतील तर नुसती सीलं बदलून देऊ नका. रॅक किंवा टाय रॉड सुटला की अलाइनमेंट करावंच लागतं, नाहीतर नवे टायर सहा महिन्यांत एका कडेने गुळगुळीत.

काम झाल्यावर आठ दिवस पुठ्ठा गाडीखाली घालत राहा आणि पातळी रोज बघा. नवं रबर पहिल्या काही दिवसांत दबून बसतं, म्हणून आठवड्याने सगळ्या क्लिपा पुन्हा एकदा आवळा. मग एखाद्या रविवारी फेरीबोटीत गाडी घाला, काच खाली करा आणि कान देऊन ऐका.